संत्र्याची खाच

खाचवाल्या मामांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी आमच्या शेतीच्या ग्रंथालयातला कोणताही इंग्रजी लेख ते दोन मिनिटांत काढून देत. प्रत्येक लेखाचं एक कार्ड असे. त्याच्या मध्यभागी मी लेखाचं नाव आणि सारांश टाइप करायची. काठाने भोकं असत, एकेक भोक एकेका विषयाचं. लेख ज्या विषयाचा, ते भोक मामा चिमट्याने काठापर्यंत कापून त्याची खाच करत. मग कोणी कापूस मागितला, की गठ्ठ्याच्या त्या भोकातून विणायची सुई घालून गठ्ठा उचलायचा. खाचवाली कार्डं खाली पडत.

“मधलं माणसासाठी, काठ सुईसाठी,” मामा म्हणत. “सुईले वाचता येत नाही. खाच नसली तं तिच्यासाठी तो लेखच नाही.”

मी कॉन्व्हेंटमधून शिकलेली, नवीन, फारसं न बोलणारी. “बोलत जा वं पोरी, मराठीनं जीभ भाजत नाही,” असं ते चिडवत. मी हसायची आणि टाइपरायटरकडे वळायची. कोणत्या खाचा कापायच्या, हे ठरवणं माझं काम होतं. मी चिठ्ठीवर नंबर लिहायची, मामा कापायचे आणि चिठ्ठी तारेला ओवून ठेवायचे.

एकदा चिठ्ठी घेऊन ते थांबले. मासिकाचा अंक उघडून लेखातला फोटो त्यांनी मला दाखवला. “हे तं संत्र्याचं झाड दिसून राहिलं. संत्र्याची खाच काहून नाही?”

“लेख जमिनीतल्या निचऱ्यावर आहे. चिठ्ठीतले नंबर कापा,” मी म्हणाले. मी फक्त लेखाचं नाव वाचलं होतं.

“बरं,” म्हणून त्यांनी कापलं.

पुढच्या वर्षी नरखेडकडच्या संत्र्याच्या बागा वाळू लागल्या. बागायतदारांच्या सभेआधी साहेबांनी संत्र्यावरचे सगळे लेख मागवले. सुई घातली, कार्डं पडली, निचऱ्याच्या लेखाचं ते कार्ड मात्र पडलं नाही. सभेत बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी तोच लेख काढून दाखवला: मुळांशी पाणी साचून संत्र्याची झाडं कशी मरतात. लेख आमच्याच कपाटात होता. साहेब संतापून ग्रंथालयात आले.

“मामा, याला संत्र्याची खाच का नाही?”

माझ्या अक्षरातली चिठ्ठी तारेला होती. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी टाइपरायटरच्या कळांकडे पाहत बसले.

“राहून गेली असंन, साहेब.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांना टपालाच्या खोलीत पाठवलं. जाताना चिमटा माझ्या टेबलावर ठेवत ते हळूच म्हणाले, “तुही नोकरी कच्ची हाय अजून. माही पक्की हाय.” मी ‘थँक यू’ म्हणाले. मराठीत काय म्हणायचं असतं, ते मला सुचलं नाही.

मामा निवृत्त होईपर्यंत खरं सांगायला माझ्याजवळ पाच वर्षं होती. माझी नोकरी पक्की झाली, तरी मी सांगितलं नाही. टपालखोलीवरून जावं लागू नये म्हणून मी मागच्या जिन्याने जायची.

त्यांच्या निरोप समारंभाला मामी आल्या होत्या. पेढ्यांचा डबा घेऊन त्या थेट माझ्यापाशी आल्या. “तुम्हीच का त्या टाइपवाल्या? हे लय नाव घेते तुमचं घरी. म्हणते, पोरगी लय जपून काम करते.”

मी पेढा घेतला आणि अख्खा तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागणार नव्हतं.