गोष्टीची मूठ

मला वाचता येतं हे सासरी कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं माहेर लोणावळ्याच्या बाजारातलं, शाळा चौथीपर्यंत झालेली. सासर वलवणचं, शेतकऱ्याचं. तिथे सुनेला भात लावता आला पाहिजे, कापता आला पाहिजे आणि तोंड मिटून बसता आलं पाहिजे. पहिली दोन कामं मी शिकले. तिसरं मला आजतागायत जमलेलं नाही.

बिंग फुटलं ते मास्तरीणबाईंमुळे. गावच्या शाळेतल्या मास्तरांची ही बायको, पुण्याकडची. डोक्यात सदा काहीतरी चांगलं करायचं खूळ. एका वर्षी भातलावणी उरकल्यावर त्यांनी टूम काढली, की सगळ्या गावाने मिळून एक पुस्तक ऐकायचं. लोणावळ्याच्या वाचनालयातून त्यांनी एक जाडजूड कादंबरी आणली. दुपारी देवळाच्या पडवीत बायकांनी ऐकायची, दिवेलागणीला पुरुषांनी. आणि फुकट नाही हं! बाईने येताना मूठभर तांदूळ आणायचे, पुरुषाने चुलीपुरतं लाकूड, आणि ते सगळं सुईण मावशीला द्यायचं.

खरं सांगायचं तर पुस्तकाची सगळी युक्ती मावशीसाठीच होती. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. बिचारी लावणीच्या दिवसांत बांधावरून घसरली आणि कंबर धरून पडली. नवरा केव्हाच गेलेला, पोर ना बाळ. कापणी झाली की खळ्यावर तिचा हक्काचा वाटा असायचा, पण कापणीपर्यंत खायचं काय? कुणी तांदूळ नेऊन दिले तर कडाडायची, "मी भिकारीण हाय व्हय? उचल ते!" नेणारी बाई भांडं घेऊन पळत सुटायची. मग मास्तरीणबाईंनी तिला शांतपणे सांगितलं, की हे पुस्तकाचे तांदूळ आहेत. ऐकणाऱ्यांनी द्यायचे आणि जिला शेतावर जाता येत नाही तिने घ्यायचे, असा पुस्तकाचा नेमच आहे. छापील पुस्तकाचा नेम म्हटल्यावर मावशी गप्प झाली. देवाधर्माइतकाच तिचा छापलेल्या कागदावर विश्वास होता.

मास्तरीणबाईंचा आवाज मुळात नाजूक, त्यात बाहेर आमच्याकडचा पाऊस. दुसऱ्याच दिवशी त्यांचा घसा बसला. पुढे काय होणार म्हणून बायका चुळबुळायला लागल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आणा इकडे, मी वाचते."

सासूबाई वळून माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुला वाचाया येतं? आन् आजवर बोलली न्हाईस ती?"

"तुम्ही विचारलंत कधी, आत्याबाई?"

घरी गेल्यावर याची भरपाई झाली, पण वाचायचं काम माझ्याकडे आलं ते आलंच. मावशीची खोपी देवळाच्या अगदी पाठीला लागून होती, तेव्हा तिला पडल्या पडल्या ऐकू जावं म्हणून मी चांगला खणखणीत आवाज लावायची. पलीकडून तिचे हुंकार यायचे. कधी कधी शिव्याही यायच्या, पण त्या गोष्टीतल्या दुष्ट माणसांना.

गोष्ट अशी, की एक पोर जत्रेत आईबापांपासून चुकते आणि शहरात दारोदार फिरते. अन्नाला महाग होते, कुणी दारात उभं करत नाही. बायका पदराने डोळे पुसायच्या आणि दुसऱ्या दिवशी येताना मूठ अशी भरून आणायच्या की वाटेत तांदूळ सांडायचे. पडवीतलं सूप शिगोशीग भरायचं. सासूबाई तेवढ्या अपवाद. घरून निघताना त्या मूठ भरून घ्यायच्या, पण सुपापाशी आल्या की बोटं काही उघडायची नाहीत. दाण्यांपेक्षा वासच जास्त पडायचा. उरलेले तांदूळ पदराच्या गाठीतून परत घरी.

मग त्या लेखकाला काय दुर्बुद्धी सुचली देव जाणे, त्याने त्या पोरीला एका श्रीमंत म्हातारीच्या घरी पोचवलं. म्हातारीने तिला न्हाऊ घातलं, पाटावर बसवलं, पुरणपोळी वाढली. पडवीत सगळ्यांचे जीव भांड्यात पडले. आणि दुसऱ्या दिवशी सुपाचा तळ दिसायला लागला!

"अगं बायांनो, तांदूळ?" मी विचारलं.

"आता बरं चाललंय की तिचं," एक जण म्हणाली. "पोळ्या खाती ती. आमच्या घरात न्हाईत पोळ्या."

माझं डोकंच फिरलं. तांदूळ त्या पोरीला जात नाहीत, मावशीला जातात, हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. बायका काही वेड्या नव्हत्या. पण डोक्याला माहीत असून काय उपयोग, हाताला माहीत नको? पोर उपाशी असली की हात सैल आणि पोर जेवली की हात आखडता. बरं तर बरं, म्हटलं, बघतेच आता.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलं, डोळे पानावर ठेवले आणि त्या पोरीला घराबाहेर काढली. म्हातारीची नथ हरवली, आळ पोरीवर आला, भर पावसात तिला हाकलून दिली. पुस्तकात यातलं अक्षर नव्हतं. पडवीत नुसता हाहाकार उडाला. पुढच्या दिवशी सूप भरलं, वर एकीने गूळ आणला. मग मला चटकच लागली. नथ सापडली, पोर परत आली, जेवायला बसणार तोच म्हातारीचा भाचा आला आणि पुन्हा हाकललं. एकदा तर ताटावरून उठवली. मला याचं वाईट-बिईट काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझी मावशी दोन वेळा भात खात होती.

पण भिंतीपलीकडून हाक यायला लागली. "अगं, घाल की तिला कायतरी! आर्धी भाकर तरी दे!" मी आवाज चढवून पुढे वाचायची. भाकरी काही द्यायची नाही.

माझ्या हिशेबातून एक गोष्ट मात्र सुटली होती. पुस्तक एकच, आणि संध्याकाळी ते मास्तर पुरुषांना वाचून दाखवायचे, जसं छापलं होतं तसं. पुरुष शेतांमुळे उशिरा सुरू झालेले, म्हणून इतके दिवस आमच्या मागे होते. मी त्या पोरीला हाकलत बसले तोवर ते पुढे निघून गेले. एका सकाळी पाणवठ्यावर एक बाई फणकारत आली. "आमचं येडं म्हणतंय, ती पोर कवाच जेवून बसलीया! आमच्यात ती अजून उपाशी, आन् यांच्यात पाटावर?" दुसरी म्हणाली, तिच्या घरातही रात्री हेच भांडण झालं. शेवटी ठरलं, की पुरुषांना काहीही सांगा, त्यांचं लक्षच नसतं.

मास्तरीणबाईंना मात्र कळायचं ते कळलं. त्यांनी मला बाजूला घेतलं, पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून त्यांचे खांदे हलायला लागले. "मला यातलं काही ठाऊक नाही," एवढं म्हणून त्या निघून गेल्या.

त्याच दुपारी मी नुकतंच पान उघडलं होतं, तर काठी टेकत, भिंत धरत मावशी पडवीत आली. पडल्यापासून पहिल्यांदाच ती उभी दिसत होती.

"संध्याकाळी ती पोर पोटभर जेवून निजती," ती मला म्हणाली, "आन् दुपारी तू तिला हाकलतीस. मी दोन्ही येळा ऐकती, विसरलीस व्हय? सगळ्या गावात दोन्ही ऐकणारी मी एकटीच हाय."

अख्ख्या गावात जिला फसवणं अशक्य होतं, तिच्याच भिंतीला पाठ लावून मी इतके दिवस थापा ठोकत होते.

"माझ्या पोटापायी त्या लेकराला उपाशी ठेवतीस?" मावशीने पदराची गाठ सोडली आणि मूठभर तांदूळ सुपात टाकले. आम्हीच दिलेल्या तांदळांतले ते. "ही माजी मूठ. मी बी ऐकती, मग मी बी देणार. आता तिला जेवाया घाल आन् तिच्या आयकडं पोचव."

"मावशी, पुस्तक संपलं तर तांदूळ संपतील. कापणीला अजून अवकाश आहे. तू घेशील का मग?"

"न्हाई घेणार. संपू दे. वाच."

मला असा राग आला तिचा, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण वाचलं. उरलेलं सगळं, छापील, जसंच्या तसं, एका बैठकीत. पोर जेवली, तिचे बरे दिवस आले, आणि शेवटच्या पानावर ती आईच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. मी पुस्तक मिटलं. मावशी पदराने तोंड पुसत होती आणि मी नुसती सुपाकडे बघत होते. उद्यापासून त्यात काही पडणार नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. "पोर माहेराला आली," त्या म्हणाल्या. "ओटी भराया नगं तिची?"

"कुणाची भरता?" कुणीतरी हसलं. "पोर हाय कुटं हितं?"

सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, आणि सरळ मावशीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "पदर पुढं कर."

मावशी दचकून मागे सरकली. "माजा? अगं, मी रांडाव बाई. माजी ओटी कोण भरतं?"

खरंच कोण भरत होतं? गावातल्या प्रत्येक बाळाला पहिला हात तिचा, पण बारशाच्या हळदीकुंकवाला तिला बोलवायचं कुणाच्या मनातही यायचं नाही. माझ्याही आलं नव्हतं.

"आज तू तिच्या जागी," सासूबाई म्हणाल्या. "पुस्तकाचा नेमच हाय तसा." आणि माझ्याकडे वळल्या, "काय गं सूनबाई, हाय का न्हाई?"

मी मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं. शेवटचं पान काढलं, बोट ठेवलं आणि खणखणीत वाचलं, की पोर घरी आली म्हणजे गावाने तिच्या नावाने आपल्यातल्या सगळ्यात थोर बाईची ओटी भरावी, आणि भातकापणी होईपर्यंत रोज भरावी.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच तिने पदर पुढे केला. सासूबाईंनी पदराची गाठ सोडली आणि होते नव्हते ते सगळे तांदूळ तिच्या पदरात ओतले, दोन्ही हातांनी. मागोमाग बाकीच्या उठल्या.

जाताना मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "संध्याकाळी मी ऐकणार हाय, बरं का."

पुरुषांचंही त्या दिवशी शेवटचंच प्रकरण होतं. मी देवळाच्या कोपऱ्याआड जीव मुठीत धरून उभी राहिले. दुपारची ओटी मास्तरांच्या कानावर गेली असणारच, पण ते सचोटीचे, छापलंय त्यापलीकडे एक शब्द न बोलणारे. शेवटचं पान आलं, पोर आईच्या उंबऱ्यात पोचली. मास्तर थांबले. त्यांनी भिंतीकडे एकदा पाहिलं, घसा खाकरला, आणि पान न उलटता पुढे वाचलं, की ओटी बायकांनी भरावी, आणि लाकडं मात्र पुरुषांनीच आणावीत, तीही सुकी.

भिंतीपलीकडून मावशीचा आवाज आला, "व्हय, हाय खरं पुस्तकात."