शुक्र, शनी, रवी

क्लिफर्ड एन्टविसलनं आयुष्यात जितके सिनेमे पाहिले असतील, त्याहून जास्त माझ्या मांजरानं टीव्हीवर पाहिलेत. तरी देशात कुठला सिनेमा चालला आणि कुठला आपटला, हे आमच्या हॉकनशॉ गावात विचारायचं ते त्यालाच. पूर्वी तो घरोघर जाऊन गॅसचे मीटर वाचायचा. निवृत्त झाला तरी आकडे वाचायची खोड काही गेली नाही. दर मंगळवारी अकराच्या सुमाराला तो लायब्ररीतून सिनेमांच्या कमाईची यादी छापून आणायचा, हॉदरसॉलच्या चहाच्या दुकानात आमच्या टेबलाशी बसायचा आणि चष्मा पुसून निवाडा सुरू करायचा.

"पहिला नंबर, पण गेल्या आठवड्यापेक्षा अर्ध्यावर आलाय. दोन आठवड्यांत आटोपेल. सातवा, मेला. नववाही मेलाय, पण त्याला अजून कुणी कळवलं नाही."

"सिनेमा कसा आहे ते सांग की," हर्बर्ट म्हणायचा. हर्बर्ट पिलिंग म्हणजे क्लिफर्डचा मेव्हणा, त्याच्या स्वर्गवासी एडनाचा भाऊ.

"मला काय माहीत? मी कुठं पाहिलाय?"

सगळ्यात जास्त तो चिडायचा ते लबाडीवर. एखादा सिनेमा शुक्रवारी लागायचा असला की त्याचे मालक आदल्या सोमवारपासूनच गुपचूप खेळ लावतात आणि ती सगळी कमाई शुक्र-शनी-रवीच्या आकड्यात ढकलून देतात. यादीत तळाला बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. क्लिफर्ड ती ओळ आम्हाला बोट ठेवून दाखवायचा. "आठवडाभर हादडायचं आणि सांगायचं काय, तर तीन दिवसांत एवढंच खाल्लं," असं म्हणून टीकेकचा तुकडा असा तोडायचा की जणू त्या मालकाचाच कान.

आम्ही हसायचो. खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणालाच त्या यादीत रस नव्हता. मला तरी नव्हता. मंगळवारी घरात एकटीनं बसण्यापेक्षा बरं, एवढंच.

मग गेल्या वर्षी त्याच्या रॉझचा सिनेमा आला.

रॉझ त्याची एकुलती एक. लंडनला असते. नऊ वर्षं तिनं त्या एका सिनेमासाठी दारं झिजवली. नाव 'सपाता'. आमच्याच गावात पूर्वी घरात घालायच्या सपाता बनवायचा कारखाना होता, त्याच्या शेवटच्या हिवाळ्याची गोष्ट. एडना तिथं सव्वीस वर्षं शिलाईला होती, मी तिच्या शेजारच्या मशीनवर. चित्रीकरणही इथंच झालं. अर्ध्या गावानं त्यात गर्दीचं काम केलं, हर्बर्ट तर दोनदा सायकलवरून जातो.

सिनेमा अडतीस थिएटरांत लागायचा होता. त्यात आमचं एम्प्रेसही होतं. एकच पडदा, दोनशे चौदा खुर्च्या, त्यातल्या आठ मोडक्या. सिनेमा विकणाऱ्या कंपनीच्या माणसानं रॉझला स्पष्ट सांगितलं होतं, तुझ्या स्वतःच्या गावात दुसरा आठवडा मिळाला तर आजूबाजूच्या वीस गिरणगावांत आम्ही तो लावू आणि तुझ्या पुढच्या सिनेमाचंही बघू. नाही मिळाला तर गुरुवारी खेळ खलास. नऊ वर्षांचा हिशेब असा येऊन एम्प्रेसच्या दारात उभा राहिला होता.

क्लिफर्डला वाटलं, आपल्या गावात काय अवघड आहे. मलाही तसंच वाटलं होतं. पण एक गोष्ट तो विसरला होता, किंवा आपल्या माणसांबद्दल त्याला जरा जास्तच भरवसा होता. एम्प्रेसमध्ये दर बुधवारी दुपारी दोनला साठीपुढच्यांसाठी खेळ असतो. एरवी साडेआठ पौंड, बुधवारी साडेचार. वर चहा आणि दोन बिस्किटं. आणि हॉकनशॉत साठीच्या आतलं माणूस दिवा घेऊन शोधावं लागतं.

आधीच्या मंगळवारी त्यानं टेबलावरच विचारलं, "मग, कधी जाताय सगळे?"

"बुधवारी," हर्बर्ट म्हणाला. "आणि कधी?"

"बुधवार नाही. शुक्र, शनी, रवी."

"बुधवारी बिस्किटं असतात."

"अरे बाबा, सिनेमाचं आयुष्य तीन दिवसांचं. शुक्र, शनी, रवी. सोमवारी सकाळी साडेदहाला लंडनहून मिसेस ऑर्मरॉडला फोन येतो, किती माणसं आली म्हणून. तिथंच ठरतं पुढं काय राहणार आणि काय जाणार. तीन दिवसांत निदान दोनशे तरी हवेत. बुधवारी जाणं म्हणजे मयताला औषध पाजायला जाणं."

"पण माणसं तर तेवढीच ना? बुधवारी मोजत नाहीत का?"

"मोजतात. पण ते कुणी बघत नाही."

"मग मोजतात कशाला?" हर्बर्टनं विचारलं. क्लिफर्डनं यादीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

पुढचे दोन दिवस तो दारोदार हिंडला, मीटर वाचायला हिंडायचा तसा. चर्चमध्ये सांगितलं, कसायाकडं सांगितलं, बोलिंग क्लबात फळ्यावर खडूनं लिहून आला. सगळे त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, काळजी करू नको, आपल्या रॉझचा सिनेमा आहे, आम्ही येणारच. कधी येणार ते कुणी बोललं नाही. माझ्या दारात आला तेव्हा मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "क्लिफर्ड, मी आले म्हणून समज." तो म्हणाला, "शुक्र, शनी की रवी, मेव्हिस?" मी म्हटलं, "बघते ना रे."

मिसेस ऑर्मरॉड एम्प्रेसची मॅनेजर. तिच्याकडं जाऊन त्यानं हट्ट धरला, या आठवड्यात चहा-बिस्किटांचा खेळ शुक्रवारी ठेवा.

"बुधवार चोवीस वर्षांपासून बुधवार आहे, मिस्टर एन्टविसल."

"एकदाच."

बाई कडक, पण मनाची वाईट नाही. तिनं शुक्रवारी दुपारीही साडेचारचं तिकीट ठेवलं, चहा ठेवला, बाहेर पाटी लावली. गावानं पाटी वाचली आणि म्हणालं, हे काहीतरी चुकलेलं दिसतंय. शुक्रवारी मासळीची गाडी येते. शुक्रवारी अर्ध्या बायका केस सेट करायला जातात. मीही गेले. केस वाळवायच्या यंत्राखाली चौघीजणी ओळीनं बसलो होतो आणि चौघीही बुधवारी कुठल्या रांगेत बसायचं ते ठरवत होतो. आता आठवलं की माझाच मला राग येतो.

शुक्रवारी दिवसभरात एकोणीस माणसं आली. क्लिफर्ड समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून मोजत होता. शनिवारी एकेचाळीस, तीही दुसऱ्या गावची तरुण पोरं बरीचशी. त्या दिवशी माझी बहीण बर्नलीहून आली होती, म्हणून मी गेले नाही. तिलाही घेऊन जाता आलं असतं. पण दोघींचे सतरा पौंड झाले असते, आणि बुधवारी नऊ.

रविवारी दुपारी हर्बर्टला त्याची दया आली. तो पायरीवर येऊन म्हणाला, "हे बघ, दोनशे हवेत ना? शंभर-सव्वाशे तिकिटं आपणच काढू. मी निम्मे पैसे देतो. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"रॉझसाठी रे."

"तीस वर्षं मी त्या लबाडांच्या नावानं बोटं मोडतोय, हर्बर्ट. आता माझ्या मुलीच्या सिनेमाखाली बारीक अक्षरात मी येऊन बसू?"

"बारीक अक्षरात तुला कोण लिहिणार आहे? उगीच तत्त्वं कुरवाळत बसतोस. त्यापेक्षा सिनेमा जगव की."

"एवढा पुळका आहे तर आत्ता तिकीट काढ आणि आत जा."

हर्बर्टनं घड्याळात बघितलं. म्हणाला, आता जेवण तयार असेल, रविवारचं भाजलेलं मटण गार होतं. आणि गेला. त्या रात्री रविवारचा आकडा लागला सत्तावीस. तीन दिवसांचे मिळून सत्त्याऐंशी.

सोमवारी साडेदहाला लंडनहून फोन आला. मिसेस ऑर्मरॉडनं आकडा सांगितला, बुधवारी गर्दी होईल असंही सांगितलं, आणि तिकडून उत्तर आलं की बुधवारचं बुधवारी बघू, पण शुक्रवारपासून तुम्हाला लहान मुलांचं कार्टून पाठवतोय, तिन्ही खेळांना. हे तिनं स्वतः क्लिफर्डच्या घरी जाऊन सांगितलं. त्यानंच मग रॉझला कळवलं.

मंगळवारी तो हॉदरसॉलमध्ये आला, यादीही घेऊन आला. आम्हाला वाटलं होतं येणार नाही. 'सपाता' एकोणतिसावा होता. हर्बर्टनं यादी ओढून घेतली, बोटानं रकाने चाचपडले आणि म्हणाला, "हे बघ, दर थिएटरची सरासरी काढली तर आपलं एम्प्रेस वरच आहे. देशात आपण पुढं आहोत, क्लिफर्ड."

"वासरांत लंगडी गाय शहाणी," क्लिफर्ड म्हणाला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "काढायला हवी होती ती तिकिटं. तत्त्वं घेऊन काय करू मी?" टीकेक त्यानं तसाच ठेवला. आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही की निदान उद्याचे पूर्ण पैसे देऊ. साडेचारच दिले सगळ्यांनी.

बुधवारी दीड वाजता एम्प्रेसपुढची रांग बँकेच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. इतकी गर्दी त्या थिएटरनं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मिसेस ऑर्मरॉडची बिस्किटं पावणेदोनलाच संपली. आम्ही आमचे चहाचे कप सांभाळत आत गेलो, मोडक्या आठ खुर्च्या सोडून एकही रिकामी राहिली नाही. सिनेमा लागला आणि पडद्यावर शिलाईचं दालन आलं. रॉझनं ते हुबेहूब उभं केलं होतं, अगदी भिंतीवरच्या घड्याळासकट, जे नेहमी चार मिनिटं मागं असायचं. एडनाच्या मशीनवर जी नटी बसली होती ती दोरा दातानं तोडायची, एडनासारखी. मी रडले. माझ्या पुढच्या रांगेतल्याही रडत होत्या. सायकलवरून हर्बर्ट गेला तेव्हा सगळं थिएटर हसलं. सिनेमा इतका चांगला असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि त्यामुळं तर माझी आणखीच चिडचिड झाली. वाईट असता तर जीवाला लागलं नसतं.

दिवे लागले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. क्लिफर्ड मागच्या भिंतीला टेकून उभा होता. बाहेर पडताना प्रत्येक जण त्याचा हात हातात घेत होता.

"बघ, आलो की नाही? म्हटलं होतं ना?"

"उगीच जीव टांगणीला लावलास इतके दिवस."

फुलांच्या दुकानाची मिसेस क्लेग म्हणाली, "पुढच्या बुधवारी आमच्या डोरीनला घेऊन येते. तिनं बघायलाच पाहिजे."

"पुढच्या बुधवारी हा नसेल," क्लिफर्ड म्हणाला.

"नसेल? का बरं? एवढं भरलं होतं की."

तो तिला समजावत बसला नाही. "आलात, बरं वाटलं," एवढंच म्हणाला, आणि पुढच्या माणसाचा हात हातात घेतला.

लोक पांगल्यावर त्यानं रॉझला फोन लावला. मी तिथंच खांबाशी होते, कोटाची बटणं लावत. मला ऐकायचं नव्हतं, पण निघूनही गेले नाही.

"हाऊसफुल, रॉझ. दोनशे सहा... हो, मीच मोजले... टाळ्या? खूप. उभं राहून. मेव्हिस रडली, सांगतो तुला, तुझ्या आईची मैत्रीण मेव्हिस..." मग तो बराच वेळ ऐकत राहिला. तिचा आवाज मला येत नव्हता, पण त्याची मान हळूहळू खाली गेली.

"नाही गं," तो म्हणाला. "त्यांना काय माहीत असणार? साधी माणसं आहेत. त्यांना शुक्रवार काय आणि बुधवार काय. माझंच चुकलं, मी सांगायला हवं होतं. माझ्या मेल्याच्या लक्षातच आलं नाही."

मला एकटीला त्यानं तीनदा सांगितलं होतं.