आक्काच्या हातांतला पारा

बीडच्या बाजाराहून परतलेला एक ओळखीचा माणूस शाळेच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमची आक्का गेली." इतकं हळू बोलला, की मी पुन्हा विचारलं. घाटनांदुराहून बैलगाडी केली, मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला पोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं. माझी ही एकुलती एक थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे मला तिनंच वाढवलं. तिला जाऊन आता काही आठवडे झालेत. तिच्याबद्दल लिहायला बसलो, की आधी तिच्या घराचा तो अंधारा मागचा खण डोळ्यांपुढे येतो...

दाजी, म्हणजे आक्काचे मालक, जातीचे सोनार. पण त्यांचं काम दागिन्यांचं नव्हतं, मुलाम्याचं होतं. बीडच्या गुप्त्यांना त्या काळी हैदराबादेपर्यंत मागणी होती. दिसायला हातातली काठी, आत पातं. तिथल्या देवड्यांतले, म्हणजे मोठ्या वाड्यांतले नवाब, जहागीरदार त्या एकमेकांना नजराणा म्हणून द्यायचे, आणि त्यांना मूठ सोन्याची लागायची. पण आतून मूठ असायची तांब्याची. सोनं पाऱ्यात टाकलं की विरतं, लोण्यासारखा गोळा होतो. तो मुठीवर चोळायचा आणि मूठ निखाऱ्यावर धरायची. पारा धूर होऊन उडून जातो, सोनं तेवढं चिकटून राहतं. त्या पातळशा थरावर सगळी गल्ली जगत होती. पाती घडवणारा लोहार, काठ्या कातणारा सुतार, माल हैदराबादला नेणारा व्यापारी, सगळेच. वाऱ्यानं आच हलू नये म्हणून दाजी खणाचं दार लावून घेत. पारा उडून कुठं जातो, हे कुणी कधी विचारलं नाही.

काही वर्षांनी दाजींचे हात कापायला लागले. हिरड्यांतून रक्त यायचं, दात हलायचे. मुळात शांत माणूस. पण काम करताना कुणी पाहिलं की अंगावर धावून जायचे आणि मग कोपऱ्यात बसून रडायचे. ज्या माणसानं शिंदीचा वाससुद्धा घेतला नव्हता, त्याला लोक शिंदीबाज म्हणू लागले. आक्का त्यांना गावातल्या हकिमांकडे घेऊन गेली. हकीम म्हणाले, पारा अंगात मुरलाय, भट्टी सोडा. घरी आल्यावर दाजी एवढंच म्हणाले, की मला दुसरं काय येतं?

तेव्हापासून भट्टीपाशी आक्का बसू लागली. लग्नापासून ती ते काम बघतच आली होती. बाईनं मुलामा चढवायचा हे कुणाला रुचलं नसतं, म्हणून दार बंदच राहिलं. दाजी ओसरीवर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचे, आत ती मुठींवर सोनं चढवायची. बाहेरच्यांपैकी हे फक्त मला ठाऊक होतं. मी एकदा म्हणालो, की आक्का, हकिमांनी दाजींना सांगितलं ते तुलाही लागू आहे. ती म्हणाली, "मला समजतंय रे. पर त्यांच्या हातातलं काम गेलं तर ते न्हाई जगायचे."

मग बीडजवळच्या पालीच्या मंडळींनी देवळाचा तांब्याचा कळस मुलाम्यासाठी आणून दिला. आक्कानं तो जिवापाड मेहनत घेऊन केला. उन्हात ठेवला, की त्याच्याकडं बघवत नव्हतं. पण कळस चढवायच्या आधी गावात कुजबूज झाली, की शिंदी पिणाऱ्याच्या हातचा कळस देवावर कसा चढवायचा? चार जाणती माणसं कळस परत घेऊन आली. मी तेव्हा तिथंच होतो. दाजी मान खाली घालून बसलेले. त्यांचे हात गुडघ्यांवर थडथड उडत होते, आणि पाहणाऱ्याला तोच पुरावा वाटत होता.

आक्का आतून ओसरीवर आली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ह्यांनी कधी शिंदीला हात लावला न्हाई. पाऱ्यानं हात गेलेत ह्यांचे. आन् कळस म्या केलाय. काय ठरवायचं ते आता माझ्याबद्दल ठरवा."

त्या चौघांतल्या म्हाताऱ्या पाटलांनी कळस पुन्हा उचलून घेतला आणि सगळे आले तसे निघून गेले. दाजींनी खालच्या आवाजात विचारलं, "कावून सांगितलंस?" ती म्हणाली, "तुमाला कुणी शिंदीबाज म्हणलेलं मला आयकवंना."

कळस चढला, पण त्या दिवशी आक्काच्या घरी आवतण आलं नाही. देवळांची कामं त्यानंतर बंदच झाली. व्यापाऱ्याला मात्र मुठी कुणाच्या हातच्या याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला झळाळी हवी होती. ती आक्का देत राहिली. हळूहळू तिचेही हात कापायला लागले. जिभेवर सारखा तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं वाटतं, म्हणायची. बाजारात भाजीवाल्याशी हक्कानं भांडणारी माझी बहीण दारात कुणी आलं की आत दडून बसू लागली.

आणि मग हैदराबादेत बॅटरीवर मुलामा चढवणारे आले. काचेच्या भांड्यात पाणी, त्यात दोन तारा. धूर नाही, आच नाही, खर्चही थोडका. व्यापारी यायचा थांबला. भट्टी विझली तेव्हा मला वाटलं, आता तरी ही दोघं बरी होतील. पण मुरलेला पारा निघाला नाही. आक्का वाळत गेली, आणि या उन्हाळ्यात गेली... ज्यांच्या देवड्यांत त्या मुठी अजून चमकत असतील, त्यांना तिचं नावही माहीत नसेल.

दिवसकार्य उरकल्यावर मी दाजींना जेवायला वाढलं. आक्का आणि ते नेहमी शेजारी बसून जेवत. एकट्याला वाटी धरून तोंडापर्यंत नेता यायची नाही, सगळी कढी अंगावर सांडायची. म्हणून एकानं वाटी उचलली की दुसऱ्यानं मनगट धरायचं. कापणारे दोन हात एकत्र आले की कसे कोण जाणे, थोडे थांबायचे. त्या दिवशी दाजींनी वाटी उचलली आणि डावा हात सवयीनं बाजूच्या आक्काच्या रिकाम्या पाटाकडं नेला. मी पुढं सरकून माझा हात दिला. त्यांनी तो धरला, चाचपला. माझा हात कापत नव्हता. त्यांनी तो अलगद सोडला, आणि वाटी तशीच भरलेली खाली ठेवली.