तीस हात खोल

निजामी राजवटीत मराठी पत्रकं सोलापूरकडून चोरून यायची. पोलिसांपासून लपवावा लागणारा कागद खोटा असूच शकत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. एकदा त्या गठ्ठ्यात विज्ञानाचं पत्रक निघालं. पृथ्वीच्या पोटात हजारो मैल खोल वितळलेलं लोखंड आहे, त्याच्याही आत घट्ट गोळा असावा, आणि खोल जावं तशी उष्णता वाढते. कुणी जाऊन पाहिलेलं नाही. भूकंपाच्या लाटांवरून हे कळलं. मी ते पाठच केलं.

त्या उन्हाळ्यात रेणापूरजवळच्या काकांच्या शेतात, दोन महिने बंद पडलेली अर्धवट विहीर पुन्हा खोदायची होती. खोदणाऱ्या म्हाताऱ्यानं काठावर हळद-कुंकू वाहिलं आणि कंदील दोरीनं खाली सोडला. तळ गाठायच्या आत तो विझला.

"आज उतरत न्हाई," म्हातारा म्हणाला.

"का? पाताळातला नाग फुंकर मारतो?"

"नाग न्हाई, धाकलं मालक. खराब वारं बसलंय."

मी त्याला जमिनीखालची उष्णता समजावली. दिवा तिच्यानंच विझला, म्हणालो.

दोर धरायला आलेली त्याची बायको हसली. "चुलीत तर लई धग ऱ्हाती. तिथं दिवा इझतो व्हय?"

मी आवाज चढवला. "असल्या भित्रेपणामुळंच आपण गुलाम आहोत!"

म्हाताऱ्यानं मुकाट्यानं कमरेला दोर बांधला आणि उतरला.

थोड्याच वेळात दोर एकदम जड झाला. हाक मारली, ओ आली नाही. आम्ही दोघांनी ओढलं. तो कडेच्या खडकावर आपटत होता, तरी ओढत राहिलो. बाभळीखाली निजवलं तेव्हा छाती हलत नव्हती. बायको त्याच्या गालावर मारत होती, शिव्या देत होती. त्याला की मला, कळत नव्हतं. बऱ्याच वेळानं तो खोकला.

"खाली गरम होतं का?" मी विचारलं. अजून त्या प्रश्नाची लाज वाटते.

"गार," तो म्हणाला. "लई गार."

पत्रक खोटं नव्हतं. हजारो मैलांची गोष्ट मी तीस हातांना लावली होती.

काका धावत आले. "दिवा विझला असताना उतरलास कसा रे?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. "चूक झाली, मालक. माझीच."

बायको काहीतरी बोलणार होती. त्यानं तिचा हात दाबला. मीही काही बोललो नाही.