स्टुलावरची कोळीण

वसाहतीत नवा संसार थाटला तेव्हा मला अक्कल कमी आणि तोंड फार होतं. बोईसरच्या बाजारात साऱ्या कोळणी जमिनीवर बसत. एकच बाई उंच स्टुलावर बसे, टोपली खोक्यावर ठेवून. "महाराणी, खाली बसा, तरच बोंबील घेईन," मी सगळ्यांदेखत ठसक्यात म्हणाले.

ती रागावली नाही. बोंबील साफ करता करता सांगू लागली. खुब्यात बसवलेला कृत्रिम सांधा सैल झाला, हाड झिजलं, म्हणून मुंबईला दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. झिजल्या जागी दुसऱ्या बाईनं दान केलेलं हाड भरलं. आता जमिनीवर बसली तर सांधा निखळेल आणि धंदा सुटेल.

माझी मान वर होईना. तिनं खुब्यावर थाप मारली नि म्हणाली,

"बाय, हाड दुसरीचा हाय. तिला इचारल्याशिवाय खाली कशी बसू?"