थोरल्या साडूंचं पुनर्वसन

दुसऱ्याच्या संकटावर आमच्या थोरल्या साडूंइतकं मनापासून प्रेम करणारा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत आजवर झालेला नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. कुणाच्या घरात पाइप फुटून गुडघाभर पाणी साचलं असं कानावर आलं की तुम्ही-आम्ही "अरेरे" म्हणतो. साडूंच्या डोळ्यांत चमक येते. ते आधी विचारतात, "फर्निचर प्लायवूडचं हाय का सागवानी?" आणि मग म्हणतात, "अरेरे." ते अरेरे अगदी खरं असतं, हे मी शपथेवर सांगतो. फक्त त्याचा नंबर दुसरा लागतो.

बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून माझी बायको त्यांना दाजी म्हणते, आणि ऐकून ऐकून मीही दाजीच म्हणायला लागलो. दाजी बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला होते. एकदा पुण्याला भाच्याकडं मुक्कामाला असताना त्याच्या फ्लॅटमध्ये वरच्या टाकीचं पाणी शिरलं. कुठल्याशा कंपनीची माणसं आली, त्यांनी यंत्रं लावून पाणी ओढलं, भिंती वाळवल्या आणि घर होतं तसं करून निघून गेली. घरातली बाकीची मंडळी गाद्या उन्हात टाकत होती आणि दाजी त्या यंत्रांपुढं देवळात उभं राहावं तसे उभे होते. परत आले ते राजीनामा द्यायचं ठरवूनच. मग पाणी ओढायचं यंत्र, माणूस उडून जाईल असे पंखे, हवेतली ओल शोषणारं एक पांढरं धूड आणि पेट्रोलवर चालणारा पंप अशी सगळी वरात त्यांच्या दारात येऊन उतरली. आग, धूर, पूर, गळती यांनी बिघडलेलं घर पूर्ववत करून देणं, हा धंदा. आपल्या भागात हे काम कुणीच करत नाही, असं दाजी छाती काढून सांगायचे. त्यावर त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या अक्का, एवढंच म्हणायच्या, "का करत न्हाय, ह्येचा इचार केलाय का तुमी?"

गिऱ्हाईक येईना. अक्कांनी बरेच दिवस कळ काढली आणि मग अट घातली. मिरगाच्या आत एक तरी गिऱ्हाईक दाखवायचं, नाहीतर यंत्रं विकायची आणि मुकाट्यानं कंपनीत परत जायचं. कंपनी घ्यायला तयार होती. पण ज्या पोराला दाजींनी पाना कसा धरायचा ते शिकवलं, तोच आता तिथं साहेब झाला होता आणि दाजींना त्याच्या हाताखाली जावं लागणार होतं. दाजी "बरं" म्हणाले आणि ताटावरून उठले. दोन माणसांचं एकट्यानं खाणारा हा माणूस अर्ध्या ताटावरून उठला, तेव्हा अक्कांनासुद्धा गलबलून आलं होतं. अट मात्र त्यांनी मागं घेतली नाही.

माझं इंदापुरात फ्लेक्स छापायचं दुकान आहे, त्यामुळं जाहिरातीचा सगळा भार आपोआप माझ्यावर आला. पहिला फ्लेक्स "आपत्ती सेवा केंद्र" या नावाचा. मी म्हणालो, हसरा रंगीत फोटो द्या. दाजी म्हणाले, "लोकं संकटात आन आपुन हसतोय, बरं दिसतं का ते?" त्यांनी काळापांढरा, गंभीर, हात जोडलेला फोटो दिला आणि खाली "सदैव तुमच्या सोबत" असं लिहायला लावलं. फ्लेक्स चौकात लागला त्याच दुपारी अक्कांच्या माहेरची, म्हणजे माझ्याच सासरची माणसं टमटम भरून रडत त्यांच्या दारात उतरली. दार दाजींनीच उघडलं. अक्कांच्या मावशीबाईंना जागच्या जागी चक्कर आली. दाजींनी त्यांना धरून बसवलं, पाणी पाजलं आणि सावध होताच हातात व्हिजिटिंग कार्ड ठेवलं.

त्यांच्याकडं ओल मोजायचं एक मीटर आहे. त्याच्या दोन सुया भिंतीत टोचल्या की ओल किती आहे ते दिसतं. हे मीटर शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी असतं, आणि दाजी कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी ते भिंतीला लागतं. दाजींच्या पुतण्यासाठी सांगवीला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, मुलगी येऊन बसली, सगळे तिच्याकडं बघतायत आणि दाजी तिच्या मागच्या भिंतीकडं. शेवटी त्यांना राहवेना. उठले, "जरा सरक गं बाळ" म्हणाले आणि सुया टोचल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वरनं झ्याक दिसतंय, पर आत भानगड हाय. आत्ताच बघून घ्या, न्हायतर लगीन झाल्यावर तरास हुईल." मुलीचा बाप पांढराफटक पडला. पाहुण्यांना नक्की काय म्हणायचंय, हे विचारायला तो मध्यस्थाच्या घरी खेटे घालत राहिला. पुतण्यानं हट्ट धरला म्हणून लग्न जुळलं. भिंतही दुरुस्त झाली, पण ती गावातल्या गवंड्याकडून.

आपल्याकडं घरात वाईट बोलू नये म्हणतात, वास्तू तथास्तु म्हणते. दाजींच्या धंद्याची तर सुरुवातच "समजा" या शब्दानं होते. कळस गावी एका ओळखीच्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. नवी घरं म्हणजे नवी गिऱ्हाइकं, या हिशेबानं दाजी मला घेऊन गेले. यजमानांचा हात हातात घेऊन म्हणाले, "घर एक नंबर झालंय. आता समजा, हितं शॉर्टसर्किट झालं. समजा, ह्यो सोफा पेटला. समजा, वरची टाकी फुटली…" तिसऱ्या समजाला घरची म्हातारी उठली. "आरं ए बाबा, तोंड आवर! वास्तू तथास्तु म्हणती!" तिनं निखारे मागवले आणि मूठमूठ मीठ-मिरच्या टाकून साऱ्या घराची दृष्ट काढायला घेतली. पाहुणे खोकत अंगणात आले आणि नव्या स्वयंपाकघराचं छत काळं पडलं. दाजींनी मान वर करून ते नीट पाहिलं आणि अदबीनं म्हणाले, "आजी, धुराचं काम बी आपुन करतो." वास्तुशांतीचं जेवण न जेवता परत आल्याचा माझ्या आयुष्यातला हा एवढा एकच प्रसंग.

यानंतर त्यांचं नाव "आपत्तीवाले" पडलं. चौकात ते दिसले की पोरं म्हणायची, "आपत्ती आली." मग दाजींनी ठरवलं की शब्दच बदलायचा, काहीतरी शुभ घ्यायचं. शब्दकोश उघडून बसले आणि एक शब्द घेऊन माझ्या दुकानात आले : पुनर्वसन.

"दाजी," मी म्हणालो, "हा शब्द बारामतीत लावा. इंदापुरात नको."

"का? पुन्हा वसवायचं त्ये पुनर्वसन. ह्यात वाईट काय हाय, पाव्हणं?"

वाईट काहीच नव्हतं. पण दाजी पडले कॅनॉलच्या भागातले. धरण म्हणजे पाटाला पाणी, एवढीच त्यांची समजूत. आमच्या तालुक्यातली कितीतरी गावं चाळीसेक वर्षांपूर्वी उजनी धरणाच्या पाण्यात गेली. इथं पुनर्वसन म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. नवं गावठाण म्हणजे पुनर्वसन, बुडालेल्या रानाच्या बदल्यातलं रान म्हणजे पुनर्वसन. हे मी सांगत होतो तोवर दाजी मजकूर सांगून मोकळेही झाले होते : "पाण्याने बाधित घरांचे पुनर्वसन. त्वरित व खात्रीशीर." यातल्या "त्वरित"नं घात केला.

इंदापुरात फ्लेक्स लागला आणि दाजींचा फोन आला. "पाव्हणं, मार्केटिंग लागू झालं! हितं बसायला जागा न्हाय!" मी बारामतीला गेलो तर खरंच त्यांच्या गाळ्यापुढं म्हाताऱ्यांची रांग. प्रत्येकाच्या काखेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत जुने कागद. दाजी सगळ्यांना चहा पाजत होते. एक आजोबा मला विचारत होते, "त्वरित म्हंजी ह्या दिवाळीच्या आत का?" खरा प्रकार उलगडला तेव्हा दाजींचा चेहरा बघवेना. पण त्यांनी कुणाला झिडकारलं नाही. एकेकाला खुर्चीवर बसवून, हात जोडून, हे सरकारी ऑफिस नाही, आम्ही भिंती वाळवतो, हे संध्याकाळपर्यंत समजावत राहिले. म्हातारेही समजूतदार. म्हणाले, "आसू द्या. च्या तरी मिळाला."

सगळे गेले. एक तात्या मात्र उठेनात. धरणात गेलेल्या एका गावचे, आता इंदापूरजवळच्या नव्या गावठाणात राहणारे. त्यांनी पिशवी आणलीच नव्हती.

"मला पलाट नगं," तात्या म्हणाले. "पाण्यानं खराब झालेलं घर तुमी नीट करता न्हवं?"

"व्हय तात्या, त्येच तर काम," दाजी खुर्चीतून अर्धे उठले. "पाणी कवा शिरलं?"

"धरणाची घळ बुजवून पाणी आडवलं तवा."

मी दाजींकडं पाहिलं. माझ्या पोटात हसू मावत नव्हतं. दाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आत्ता बी पाण्यातच हाय?"

"उन्हाळ्यात उघडं पडतं. समदं न्हाय, जोतं आन दोन भिताडं. गाळ लई साचलाय. माझ्याच्यानं आता फावडं उचलत न्हाय. पोरं म्हणत्यात, खुळा झालाय म्हातारा."

"उद्या येतो," दाजी म्हणाले.

मृग अगदी तोंडावर आला होता. अक्कांनी विचारलं, "गिऱ्हाईक कुठं हाय?" दाजी म्हणाले, "धरणात." अक्का चपला घालून पंप चढवलेल्या टेम्पोत बसल्या. हे गिऱ्हाईक त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

पाणी मागं हटलेलं होतं आणि भेगाळलेल्या गाळात जुन्या गावाची जोती उघडी पडली होती. तात्यांनी आपलं घर लांबूनच दाखवलं. दाजींनी सवयीनं मीटर काढलं, दगडाच्या फटीत सुया लावल्या. "किती हाय ओल?" तात्यांनी विचारलं. दाजींनी काटा पाहिला, मीटर पुसलं आणि खिशात ठेवलं. म्हणाले, "हाय थोडी." मग शर्ट काढून पंप सुरू केला. मागं सरकलेल्या पाण्यातच नळी टाकली आणि त्याच पाण्यानं त्यानंच आणलेला गाळ धुवायला लागले. मी आणि टेम्पोवाला फावडी मारत होतो. उंबऱ्याचा दगड मोकळा झाला, चुलीची जागा दिसायला लागली. अक्का कधी उठल्या कळलं नाही. टेम्पोतला खराटा आणून त्यांनी ओटा झाडायला घेतला होता.

काम संपल्यावर दाजींनी मोबाइल काढला. पहिल्या गिऱ्हाइकाचा अभिप्राय म्हणजे शंभर जाहिराती, हे त्यांनी मोबाइलवरच कुठंतरी ऐकलं होतं. "तात्या, काम कसं झालं, दोन शब्द बोला." तात्यांनी टोपी सारखी केली आणि फोनकडं बघत बोलायला लागले.

"आमी गाव सोडलं त्या दिशी गाड्या भरून हुब्या हुत्या. आन माझी आय घर सारवीत बसली. आमी म्हणलं, आगं, उद्या पाण्यात जायाचं, कशापायी सारवती? ती म्हणली, येणारं पाणी का आसंना, घर झाडून-सारवूनच द्यावं." त्यांनी धुतलेल्या उंबऱ्याकडं हात केला. "आज ह्या पाव्हण्यांनी झाडलं. काम चांगलं झालं."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. घरी येताना मृगाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि नंतरही कधी काढला नाही.

पहिल्या पावसानंतर त्याच नव्या गावठाणात पिठाची गिरणी पेटली. फोन आला, "तात्यांच्या घराचं काम केलं त्ये तुमीच न्हवं? मग तुमीच या." गिरणीवाल्यानं दुसऱ्याला सांगितलं, त्यानं तिसऱ्याला. आता दाजींना घरी गाठायचं तर आधी फोन करावा लागतो. सवयी मात्र त्याच. परवाच त्यांनी माझ्या दुकानाच्या भिंतीत सुया टोचल्या आणि मान हलवून निघून गेले.

गिरणीतल्या राखेचे फोटोसुद्धा त्यांनी तीनदा स्टेटसला लावले, पण तात्यांचा तो व्हिडिओ मी कधीच कुठं पाहिला नाही. श्रावणात आम्ही दोघं जलाशयाच्या कडेनं येत होतो. दाजींनी गाडी थांबवली. पाणी पार रस्त्याजवळ आलेलं. तात्यांचं घर कुठल्या बाजूला, हे मला सांगता आलं नसतं. मी विचारलं, "दाजी, सगळ्यात चांगला अभिप्राय तोच होता. टाकला का नाही?"

दाजींनी पाण्याकडं बोट केलं.

"जाहिरातीत काम झाल्यावरचं घर दाखवाया लागतं, पाव्हणं," ते म्हणाले. "दाखवू कुठनं?"