गॅलरीतलं अतिक्रमण

नाहीशा होत चाललेल्या पाखरांचं ज्याला खरंखुरं दुःख झालं आहे असा एकच माणूस ठाणे जिल्ह्यात शिल्लक आहे, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. हे माझं मत नाही, त्यांचं आहे.

मामा बाळकुमला राहतात. तिथल्या त्यांच्या संकुलात इमारतींना मैना, बुलबुल, भारद्वाज अशी नावं आहेत. ज्यांना हुसकावलं त्यांची नावं दारावर लावायची, ही बिल्डर लोकांची श्राद्ध घालायची पद्धत. मामा भारद्वाजमध्ये आठव्या मजल्यावर. कोथिंबीर आणायलाही ते ढीगभर खिशांचं खाकी जाकीट चढवून, गळ्यात दुर्बीण अडकवून उतरतात. जुडी दुर्बिणीतूनच निवडत असावेत, कारण ती नेहमी पिवळी निघते. डोळ्यांपेक्षाही त्यांचा भरवसा कानांवर. डोंबिवलीला मानपाडा रोडवरच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत त्यांनी हात वर करून भटजींना गप्प केलं. "श्श! तांबट बोलतोय. ऐका, टुक, टुक, टुक!" अख्खं वऱ्हाड मुठीत अक्षता धरून तांबट पक्षी ऐकत उभं राहिलं. मुहूर्त टळायची वेळ आली तेव्हा स्टेजमागून मंडपवाला हातोडी घेऊन बाहेर पडला. मामा म्हणाले, "उडाला."

सोसायटीच्या वार्षिक सभेत तर त्यांनी पाणीटंचाईचा विषय बाजूला सारून सगळ्यांना चिमण्यांसाठी मौन पाळायला उभं केलं. त्या शांततेत खिडकीबाहेरची कबुतरं तेवढी घुमत राहिली. मामा भडकले. "कबुतर हा पक्षीच नव्हे. ते अतिक्रमण आहे!" आणि तिथल्या तिथे इमारतीच्या प्रत्येक गॅलरीला जाळी ठोकण्याचा ठराव त्यांनी मंजूर करून घेतला. चिमण्या कशाने गेल्या ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण शिक्षा कोणाला द्यायची ते ठरलं होतं.

जाळीवाला त्यांच्या घरी आला तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. गॅलरीत मामींच्या कढीपत्त्याच्या कुंडीत एक कबुतरीण फतकल मारून बसली होती. खाली अंडी.

"काका, अंडी बाजूला करतो ना," जाळीवाला म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे, टेन्शन नको."

"कर बाबा, कर," मामी म्हणाल्या. "कढीपत्ता मेला माझा."

मामा हातभर अंतरावरच्या कबुतरिणीकडे दुर्बिणीतून बघत होते. "थांबा," ते म्हणाले.

"अहो, थांबा काय? ठराव तुमचाच ना? सेक्रेटरी येईल दारात."

"येऊ दे. अगं, इथे राहायला आल्यापासून या गॅलरीत चिमणी आली नाही, बुलबुल आला नाही. मी रोज दाणे टाकतो. कोणीसुद्धा येत नाही गं. ही एक आली."

जाळीवाला ड्रिल उचलून शेजारच्या घरी गेला.

सेक्रेटरी खरोखरच आला. "काका, सगळीकडे जाळ्या आणि फक्त तुमची गॅलरी उघडी! आता बिल्डिंगमधली सगळी कबुतरं तुमच्याकडेच येणार ना!" मामा म्हणाले, "हळू बोला. घरात बाळंतीण आहे." त्यानंतर कपडे हॉलमध्ये वाळू लागले, गॅलरीचं दार बंद झालं, आणि चिमण्यांवर भाषण ऐकवायला मामा कोणाकडे जाईनासे झाले, त्यांना घर सोडवत नव्हतं. एरवी मी याबद्दल त्या कबुतरिणीचा जाहीर सत्कार केला असता. पण पिल्लं उडाली त्या संध्याकाळी मी गेलो, तर मामा साध्या बनियनवर, काचेला नाक लावून स्टुलावर बसले होते. बाहेर घाणीने भरलेली कुंडी, तिच्यात कढीपत्त्याची वाळकी काटकी. "दोन्ही उडाली," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी मला काहीच शिकवलं नाही. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "जावईबापू, त्या जाळीवाल्याला फोन लावा. ठराव तो ठराव."

जाळीवाला गुरुवारी येतो म्हणाला. बुधवारी कबुतरिणीने त्याच कुंडीत पुन्हा अंडी घातली.